मुद्दाम हळू ठेवलेला

मी एक जुना संगणक आहे. किती जुना ते विचारू नका. माझ्या अंगात सीडीचा खण अजून आहे आणि तो अजून उघडतो, बंद करायला मात्र बोटाने ढकलावं लागतं.

मित्रांनो, स्वतःची गोष्ट सांगणारी बिचारी यंत्रं तुम्ही पुष्कळ ऐकली असतील. 'एकेकाळी माझा काय रुबाब होता, आता मला कुणी विचारत नाही,' असं रडगाणं गातात आणि शेवटी 'मला जपा हो' म्हणून डोळे पुसतात. माझं तसं नाही. मला आठवड्यातून चारदा विचारतात. माझ्या होकाराशिवाय आमच्या ऑफिसातून एकही वेबसाइट बाहेर पडत नाही. माझं म्हणणं एकच आहे, ते आधीच सांगून टाकतो. मी हळू आहे, मला मुद्दाम हळू ठेवलं आहे, आणि मला हळूच राहायचं आहे. का, ते ऐका.

माझा जन्म मोठ्या कारखान्यात झाला नाही. एका दुकानाच्या मागच्या खोलीत, वर्तमानपत्र अंथरलेल्या टेबलावर, संगणक जोडणाऱ्या एका माणसाने मला जोडलं. पंखा एकीकडचा, पेटी दुसरीकडची, तारा जिकडे मिळाल्या तिकडच्या. त्याच्या ओठांत कायम दोन-तीन स्क्रू धरलेले असायचे, त्यामुळे तो बोलायचा कमी. माझं झाकण लावून झाल्यावर एक स्क्रू उरला. त्याने तो इकडे लावून पाहिला, तिकडे लावून पाहिला, शेवटी खिशात टाकला. तो कुठला होता ते मला आजतागायत कळलेलं नाही. त्यावाचून काही अडलंही नाही.

त्या माणसाने एक गोष्ट फार चांगली केली. मला उघडता येईल असं बनवलं. चार स्क्रू काढले की माझं पोट मोकळं. काय बिघडलं ते बघा, बदला, झाकण लावा, कामाला लागा. आजकालची यंत्रं पाहिली की माझं डोकं फिरतं. सगळं गोंदाने चिकटवलेलं! बॅटरी दमली तर कंपनी म्हणते, नवीनच घ्या, हे दुरुस्त होत नाही. अहो, चपलेचा अंगठा तुटला म्हणून कुणी पाय बदलतं का? आणि वर जाहिरातीत सांगतात, आम्हाला पृथ्वीची फार काळजी. असो. माझा रक्तदाब वाढतो, म्हणजे पंखा जोरात फिरायला लागतो.

मला विकत घेतलं एका बाईंनी. तेव्हा त्या एकट्याच होत्या. इस्त्रीच्या दुकानावर एक खोली भाड्याने घेऊन त्यांनी लोकांना वेबसाइट बनवून द्यायचं काम सुरू केलं होतं. खोलीत एक टेबल, एक खुर्ची, मी आणि खालून येणारी गरम वाफ. मला पहिल्यांदा चालू केलं तेव्हा बाई एकट्याच होत्या तरी मोठ्याने म्हणाल्या, "अरे वा, हा तर पळतोय!" ते कौतुक मी अजून विसरलेलो नाही. कौतुक कुणाला आवडत नाही? पुढे मी जी चूक केली तिचं मूळ त्या आवडीतच होतं.

माझ्यात पहिल्यांदा जी ऑपरेटिंग सिस्टीम घातली तिचं नाव मी घेणार नाही. तिच्या कंपनीकडे माझ्या कीबोर्डवरच्या कळांपेक्षा जास्त वकील असतील. एवढंच सांगतो की ती पाहुणी म्हणून आली आणि घरमालकीण होऊन बसली. बाईंसमोर गिऱ्हाईक येऊन बसलं की नेमका तेव्हाच तिला अपडेट करायचा असे. 'बारा टक्के झालं, बंद करू नका.' गिऱ्हाईक बघतंय, बाई बघताहेत, मी बघतोय, आणि ही बाराच टक्क्यांवर. दर वर्षी अंगाने सुटत गेली. घर तेवढंच आणि हिचं सामान दुप्पट. शेवटी एक दिवस तिने पडद्यावर लिहिलं की हे यंत्र आता माझ्या लायकीचं राहिलेलं नाही. ऐकलंत? भाडेकरूने घरालाच नोटीस दिली!

बाईंनी तिचं बिऱ्हाड बाहेर काढलं आणि माझ्यात लिनक्स घातलं. ते कुणा एका कंपनीच्या मालकीचं नाही, जगभरच्या माणसांनी मिळून लिहिलेलं आहे. मला एकदम अंग हलकं झाल्यासारखं वाटलं. अर्थात तेही काही साधुसंत नव्हे. प्रिंटरशी त्याचं पहिल्या दिवसापासून वाकडं. पण ते स्वतःहून काही सांगत नाही, काही मागत नाही, आणि मी म्हातारा झालो हे मला रोज ऐकवत नाही. या वयात आणखी काय हवं?

तरीही नव्याची हौस सुटत नाही. बाईंचं काम वाढलं, सहा-सात माणसं आली, शेजारची खोली घेतली, नवे चकचकीत संगणक आले. मला टेबलाखाली सरकवलं. माझ्या डोक्यावर आधी कागदांचे गठ्ठे बसले, मग फरशी पुसायची बादली. अशी दोन वर्षं गेली. त्या बादलीबद्दल मी जास्त बोलणार नाही.

मग एक दिवस पाण्याच्या पंपांचे सुटे भाग विकणारा एक दुकानदार तणतणत जिना चढून आला.

"तुमची साइट दिसायला झकास आहे हो, पण माझ्या गिऱ्हाइकांना उघडत नाही! बिचारा पंप खोलून बसलेला असतो, हात तेलाने माखलेले, करंगळीने फोन दाबतो, आणि तुमचं ते चाक नुसतं गरगर फिरतं!"

बाईंनी आपल्या नव्या संगणकावर साइट उघडून दाखवली. झटकन उघडली.

"तुमच्याकडे उघडून काय उपयोग?" दुकानदार म्हणाला. "पंप तुमचा बिघडलाय का?"

तो गेल्यावर बाई खाली वाकल्या, बादली बाजूला केली, मला दोन्ही हातांनी उचललं आणि दाराजवळच्या टेबलावर आणून ठेवलं. माझ्यावर ती साइट उघडली. मी धापा टाकल्या, पंखा ओरडला, आणि पंपाचं पहिलं चित्र दिसेपर्यंत बाईंचा चेहरा पडला. त्याच दिवशी ऑफिसात एक नियम झाला.

नियम असा. कुठलीही साइट गिऱ्हाइकाला देण्याआधी माझ्यावर उघडायची. माझ्यात काही नवीन घालायचं नाही, आणि माझ्याकडे येणारं इंटरनेटही बाईंनी मुद्दाम मंद करून ठेवलं. उघडून बघायचं काम मात्र साइट बनवणाऱ्याने करायचं नाही. ते मावशींनी करायचं. मावशी म्हणजे आमचं ऑफिस झाडणाऱ्या, पुसणाऱ्या, पाणी भरणाऱ्या आणि संध्याकाळी सगळ्यांना घरी हाकलणाऱ्या. शाळा सातवीपर्यंत, पण वाचन खणखणीत. त्या माझ्यासमोर बसणार, बटण दाबणार आणि मोठ्याने दहापर्यंत मोजणार. दहाच्या आत हवं ते पानावर दिसलं तर वहीत 'उघडलं' असं लिहून खाली सही. नाही दिसलं तर 'नाही उघडलं', आणि साइट परत.

मावशींना सुरुवातीला फार अवघडल्यासारखं व्हायचं. "मला यातलं काय कळतंय, बाई?" त्या म्हणायच्या. बाई म्हणायच्या, "कळत नाही म्हणूनच तुम्ही हव्यात." हळूहळू मावशींची भीड चेपली. भली शिकलेली पोरं पाठीशी उभी राहून नखं खायची आणि मावशी शांतपणे मोजायच्या.

"मावशी, जरा दमाने मोजा की!" कुणीतरी विनवायचं.

"मी दमानेच मोजतेय. घाई तुम्हाला आहे."

ऑफिसात माझं नाव आजोबा पडलं. सकाळी मला चालू केलं की काळ्या पडद्यावर मी आधी माझी मेमरी मोजून लिहितो. जुन्या यंत्रांची ती रीतच आहे. माझा आकडा ५१२. मावशी हातातला केर भरून ठेवता ठेवता तो मोठ्याने वाचायच्या, "पाचशे बारा. उठले आजोबा!" आजचे फोनसुद्धा या आकड्याला हसतील. हसू देत. त्या टेबलावर बसून मी साठ-सत्तर साइट्स परत पाठवल्या आहेत.

मग आमच्याकडे नवल्या आला. हे त्याचं खरं नाव नव्हे. नवलाईचे नऊ दिवस म्हणतात ना, त्यावरून ऑफिसने ठेवलेलं. पोरगा हुशार, बोटं वाऱ्यासारखी चालणारी, मनाचाही चांगला. मावशींच्या स्टुलाचा पाय डुगडुगत होता तो त्याने आल्या आल्या ठीक करून दिला. पण जगात कुठेही काही नवीन निघालं की ते याला हवंच. वेबसाइट बनवायची नवी पद्धत सोमवारी निघाली तर मंगळवारी तो तिचा भक्त आणि पुढच्या महिन्यात तिचा शत्रू. "मॅडम, ते आता कुणी वापरत नाही," हे त्याचं आवडतं वाक्य. ज्याला 'ते' म्हणायचा ते त्यानेच दोन महिन्यांपूर्वी आणलेलं असायचं.

मित्रांनो, या बाबतीत माझी मतं कडक आहेत आणि ती मी गिळून टाकणार नाही. पानावर एक फोन नंबर दाखवायचा आहे. दहा आकडे. त्यासाठी हे लोक दुसऱ्याने लिहिलेलं सामान ट्रकभर आणतात, त्या सामानाला लागणारं आणखी सामान आणतात, आणि तो ट्रक माझ्या दारात रिकामा करतात. पान उघडण्याआधी एक चौकट येते, 'आम्ही तुमची माहिती ठेवू का?' ती घालवली की दुसरी, 'आमची पत्रं हवीत का?' ती घालवली की कोपऱ्यातून एक बाहुलं डोकावतं, 'मी काही मदत करू?' अरे बाबा, तू बाजूला हो, हीच मोठी मदत! हे सगळं झाल्यावर तो नंबर दिसतो. फिकट राखाडी रंगात. कारण सध्या तशी फॅशन आहे म्हणे.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. आमच्याकडे डोळ्यांच्या एका दवाखान्याचं काम आलं. तिथे मोतीबिंदूची ऑपरेशनं मोफत व्हायची. दर सोमवारी सकाळी वीस जणांना तारीख मिळायची. आधी त्यासाठी खिडकीसमोर पहाटेपासून रांग लागायची. दवाखान्याने ठरवलं की म्हाताऱ्यांना रांगेत कशाला उभं करायचं? सोमवारी नऊ वाजता साइटवर नाव नोंदवा, पहिल्या वीस जणांना तारीख. हेतू चांगलाच होता. खिडकी बंद झाली आणि साइट बनवायचं काम नवल्याकडे आलं.

नवल्याने जीव ओतून काम केलं. पहिल्या पानावर त्याने एक भला मोठा डोळा बनवला. तुम्ही माउस इकडे न्या, डोळा इकडे बघणार. तिकडे न्या, तिकडे बघणार. मधेच पापणी मिटणार. दवाखान्याचे मुख्य डॉक्टर तो डोळा बघून खूश झाले, चार वेळा त्यांनी त्याला इकडून तिकडे फिरवलं. मग साइट माझ्यासमोर आली. मावशी मोजत राहिल्या. एकतिसाव्या आकड्याला बुबुळ दिसलं.

"नाही उघडलं," मावशींनी वहीत लिहिलं.

नवल्याने काटछाट केली. पुन्हा आणली. चोवीस. शनिवार उजाडला, सोमवारी साइट सुरू व्हायची होती, आणि त्याचा जीव त्या डोळ्यात अडकलेला. दुपारी बाकीचे जेवायला गेले तेव्हा तो माझ्यापाशी आला. त्याने माझे चार स्क्रू काढले. माझ्या जुन्या मेमरीच्या पट्ट्या काढून नव्या बसवल्या, जुनी डिस्क काढून नवी, वेगवान घातली, आणि बाईंनी मंद केलेलं इंटरनेट मोकळं सोडलं. तो स्वतःशीच पुटपुटत होता, "इतका जुना संगणक आता कुणाकडे असतो? हा नियमच चुकीचा आहे."

मी काय केलं? खोटं कशाला बोलू? मला आनंद झाला. खूप आनंद झाला. गुडघे दुखणाऱ्या माणसाला अचानक जिना चढता यावा, तसं मला झालं. पंखा शांत, डोकं स्वच्छ. मी मनात म्हटलं, एकदाचं कुणाला तरी माझी दया आली.

सोमवारी सकाळी नवल्या सगळ्यांच्या आधी आला आणि मला त्यानेच चालू करून ठेवलं. आठला मावशी माझ्यासमोर बसल्या. "एक, दोन, तीन, चार... अगंबाई! चारलाच उघडलं!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मावशींनी नवल्याच्या पाठीवर थाप मारली, वहीत 'उघडलं' लिहिलं आणि खाली ठसठशीत सही केली. बाईंनी माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हटलं, "काय आजोबा, आज फॉर्मात!" आणि मी फुगलो. नवल्याने मावशींना सांगितलं, "मावशी, आजोबांना आता रोज बंद करत जाऊ नका, नुसतं झोपवून ठेवा, ते त्यांना बरं." कारण बंद केलं तर सकाळी मी मेमरी मोजणार आणि आकडा दिसणार. हे त्याला ठाऊक होतं आणि मलाही ठाऊक होतं. मी गप्प बसलो.

मावशींची थोरली बहीण त्यांच्याच घरी राहायची. आयुष्यभर शिवणकाम केलेली बाई. लोकांच्या कपड्यांना काजं-बटणं करून तिने मावशींना वाढवलं, त्यांचं लग्न करून दिलं. आता तिच्या दोन्ही डोळ्यांवर मोतीबिंदू होता. एक डोळा गेल्यातच जमा, दुसऱ्यावर पडदा चढत चाललेला. मशीनच्या सुईखाली बोट गेलं तेव्हापासून मशीन बंद झालं होतं. ती दिवसभर पलंगाच्या कडेला बसून कुणाचं पाऊल वाजतं ते ऐकायची. तिचा नंबर त्या दवाखान्यात लागावा, एवढीच मावशींची इच्छा होती, आणि साइट आपल्याच ऑफिसात बनतेय म्हणून त्या सुखावल्या होत्या.

त्याच सोमवारी नऊला मावशी आपला फोन घेऊन माझ्या टेबलाशी बसल्या. फोन जुना, कोपऱ्यात तडा गेलेला. त्यांनी साइट उघडली. चाक फिरायला लागलं. फिरतंय, फिरतंय. शेवटी तो डोळा आला, हळूच पापणी मिटली, आणि खाली अक्षरं उमटली: 'आजच्या सर्व जागा भरल्या.'

"असू दे," मावशी म्हणाल्या. "पहिलाच दिवस. गर्दी असणार."

दुसऱ्या सोमवारी त्या पावणेनऊलाच येऊन बसल्या. पुन्हा तेच. तिसऱ्या सोमवारी त्यांनी बोटं पदराला पुसून घेतली, फोन खिडकीजवळ धरला. पुन्हा तेच. त्या आठवड्यात त्यांची बहीण चुलीसमोर चाचपडताना भाजली होती, मनगटावर पट्टी होती.

"माझ्याच हाताला यश नाही," मावशी म्हणाल्या. त्यांना रडू येत होतं आणि ते त्या केरसुणी झटकून लपवत होत्या. मला तेव्हा काय वाटलं ते सांगतो. मला माझी लाज वाटली.

नवल्या पाणी प्यायला उठला होता. त्याने विचारलं, "काय झालं, मावशी?" त्यांनी फोन दाखवला. त्याने आपल्या फोनवर साइट उघडली, पापणी लवायच्या आत उघडली.

"साइट ठीक आहे, मावशी. तुमचा फोन जुना झालाय. नवीन घ्या आता."

"पण दादा," मावशी अगदी भाबडेपणाने म्हणाल्या, "आजोबा तर माझ्या फोनपेक्षा कितीतरी जुने. त्यांच्यावर चारला उघडलं होतं की. मीच मोजलं होतं."

नवल्या ग्लास तसाच भरलेला ठेवून जागेवर जाऊन बसला. त्याचे कान लाल झाले होते.

मित्रांनो, त्या दिवशी मी ठरवलं. हे चालणार नाही. माझा वेग खोटा आहे, माझ्यामुळे मावशींनी खोटं मोजलं आहे, आणि त्या एका आकड्यापायी शहरातले सगळे जुने फोनवाले दाराबाहेर उभे आहेत. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठीच्या साइटवर डोळा तेवढा मोठा! पण मी बोलणार कसा? मला तोंड नाही. यंत्राच्या हातात एकच हत्यार असतं. मी अडून बसलो.

मंगळवारी सकाळी मावशींनी मला जागं करायला कळ दाबली. मी उठलो नाही. माउस हलवला. नाही उठलो. त्यांनी थोपटलं, हाक मारली, "आजोबा, अहो आजोबा!" मी हट्टाने डोळे मिटून राहिलो. तुम्ही म्हणाल, बिघाड झाला असेल. म्हणा. शेवटी मावशींनी माझं मुख्य बटण दाबून धरलं, मला पुरतं बंद केलं आणि नव्याने चालू केलं. पडदा काळा झाला. मी जेवढ्या ठळक लिहिता येईल तेवढ्या ठळक माझी मेमरी मोजून लिहिली.

"दोन हजार... अठ्ठेचाळीस?" मावशी थबकल्या. "बाई! जरा इकडे या. आजोबांचा आकडा बदललाय. रोज पाचशे बारा असतात हो!"

बाई आल्या. त्यांनी पडद्याकडे बघितलं, माझे स्क्रू काढले, आत बघितलं. नव्या पट्ट्या लख्ख चमकत होत्या. सगळं ऑफिस टेबलाभोवती जमलं. कुणी काही विचारायच्या आत नवल्या म्हणाला, "मी केलं, मॅडम."

बाई रागावणार असं सगळ्यांना वाटलं. पण आधी मावशी बोलल्या.

"दादा, तुम्ही मला खोट्यात घातलंत. त्याखाली माझी सही आहे."

"मावशी, माझं चुकलं. तुमच्या बहिणीचं नाव मी भरून देतो. येत्या सोमवारी, माझ्या फोनवरून. नक्की लागेल."

आता सांगा, कुणाला मोह झाला नसता? घरी डोळ्यांनी अधू झालेली बहीण, समोर हमखास नंबर. मावशींचा हात पदराशी चाळा करत राहिला. मग त्या म्हणाल्या, "माझ्या बहिणीचं होईल हो. पण बाकीच्यांचं काय? त्यांच्या घरी कुठे असा दादा बसलाय?" त्यांनी वही काढली, ते पान शोधलं, आपली सही खोडली आणि 'उघडलं'च्या जागी लिहिलं, 'नाही उघडलं.'

बाईंनी तिथल्या तिथे दवाखान्याला फोन लावला. "डॉक्टर, चूक आमच्याकडून झाली आहे. साइट परत घेतोय. सोमवारच्या आत नवी देतो." पलीकडून बराच वेळ बोलणं आलं. बाई 'हो' आणि 'बरोबर आहे' एवढंच म्हणत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "डोळा काढावा लागेल, डॉक्टर. हो, मलाही आवडला होता."

माझ्या नव्या पट्ट्या नवल्यानेच काढल्या. काढ बाबा, मी मनात म्हटलं, बिनधास्त काढ. खोटं सांगत नाही, डिस्क बदलताना जीव हळहळला. जुन्या पट्ट्या बसल्या, इंटरनेट पुन्हा मंद झालं, पंखा पुन्हा कण्हायला लागला, डोकं जड झालं. पण मी पुन्हा मी झालो होतो, आणि मला ते हवं होतं.

पाच दिवस होते. नवल्याने मागितलेली प्रत्येक नवी गोष्ट बाईंनी नाकारली आणि तिसऱ्या दिवसापासून त्याने मागणं सोडलं. पानावर काय हवं? नाव, फोन नंबर, कुठला डोळा, आणि एक बटण. बस्स. अक्षरं मोठी आणि काळी. मावशी पाणी द्यायला आल्या तेव्हा त्यांनी डोकावून बघितलं.

"आणि जागा भरल्या तर?"

"तर पुढच्या सोमवारी परत यायचं," नवल्या म्हणाला.

"परत पहिल्यापासून? हे बरंय! जुन्या खिडकीवर निदान चिठ्ठी द्यायचे. आज नाही तर उद्या, पण आपला नंबर ठरलेला. घरी जाऊन झोप तरी लागायची."

नवल्याने मान वर करून मावशींकडे बघितलं. पळणाऱ्यालाच तारीख मिळणार असं पान आपण बनवलं होतं, हे त्याच्या ध्यानात आलं असावं. एवढी शिकलेली मंडळी ऑफिसात, पण हे एकालाही सुचलं नव्हतं. मलाही नव्हतं. दवाखान्याला विचारून त्याने पानावर तशी चिठ्ठी आणली. एकदा नाव घातलं की नंबर मिळणार, आणि तो नंबर कुणी पुढे घुसून हिरावून घेणार नाही.

शनिवारी पान माझ्यासमोर आलं. नवल्या यावेळी पाठीशी उभा राहिला नाही, खिडकीशी जाऊन बाहेर बघत राहिला. मी जीव तोडून काम केलं. माझ्या त्याच मंद डिस्कने, त्याच मंद इंटरनेटने. मावशींनी एक म्हटलं, दोन म्हटलं, तीन म्हणायला तोंड उघडलं आणि पान समोर होतं. त्यांचा विश्वास बसेना. मला बंद करून पुन्हा चालू केलं, आकडा वाचला, पुन्हा मोजलं. मगच सही केली.

सोमवारी नऊ वाजता त्यांनी तडा गेलेला फोन हातात धरला. पान उघडलं. एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, त्यांनी बहिणीचं नाव घातलं. ऑफिसात कुणी खुर्चीसुद्धा हलवली नाही. बटण दाबलं. पडद्यावर आलं: 'तुमचा क्रमांक ४६.'

आज वीस, पुढच्या सोमवारी वीस, म्हणजे मावशींच्या बहिणीची पाळी तिसऱ्या सोमवारी. नवल्याचा चेहरा उतरला. "मावशी, सेहेचाळीस? इतकं मागे कसं?"

"मागे कुठे? माझ्यासारखे पंचेचाळीस जण आधीच येऊन बसलेत," मावशी म्हणाल्या आणि भर ऑफिसात रडल्या. "नंबर लागला हो! उशिरा लागला, पण लागला."

त्यानंतर कधीतरी एका सकाळी मावशी उशिरा आल्या. बहिणीचं ऑपरेशन झालं होतं आणि डोळ्यावरची पट्टी निघाली होती त्या दिवशी. तिने डोळे उघडले, समोर बघितलं, दोन वर्षांनी बहिणीचं तोंड नीट पाहिलं, आणि पहिलं वाक्य बोलली, "अगं, किती म्हातारी झालीस गं तू!" हे सांगताना मावशी हसत होत्या, डोळे पुसत होत्या, आणि माझ्यावरची धूळ झटकायला घेतलेला फडका त्यांनी चुकून तोंडाला लावला.

मित्रांनो, रीतीप्रमाणे आता मी तुमच्याकडे काहीतरी मागायचं आहे. तर मागतो. मला नवा करू नका. माझ्यात मेमरी घालू नका, माझी दया करू नका. तुमच्यापैकी कुणी उद्या वेबसाइट बनवेल, कुणी फोन बनवेल, कुणी एखादी कंपनीसुद्धा काढेल. तेव्हा घरातला सगळ्यात जुना, तडा गेलेला फोन ज्याच्या हातात असेल, त्याला आधी शेजारी बसवा आणि तुमचं काम त्याच्या हातात देऊन बघा. त्याला जमलं नाही तर त्याचा फोन बदलायची गरज नाही, तुमचं काम बदला. हे सोपं नाही, मला माहीत आहे. म्हणून मी इथे दाराजवळच्या टेबलावर बसून राहिलो आहे, आणि उठणार नाही.